फुटबॉल : अमेरिकेत उपरा, आमच्या खान्देशातही उपरा

जगातला सर्वांत मोठा खेळ कोणता, असे वस्तीतल्या एखाद्या पोराला विचारा. तो पटकन ‘क्रिकेट’ म्हणेल. त्यात त्याचा दोष नाही. जे डोळ्यांसमोर दिसते तेच तो सांगतो. परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद देश १९३ आहेत, तर फुटबॉलच्या जागतिक संघटनेला, म्हणजे फिफाला जोडलेल्या संघटना २११ आहेत. स्कॉटलंड, वेल्स यांसारखे प्रदेश तेथे स्वतंत्र धरले जातात म्हणून हा आकडा वाढतो, हे खरे. तरीही जेथे माणसांची वस्ती आहे तेथे फुटबॉल आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

असा हा खेळ काही थोड्या ठिकाणी मात्र दाराबाहेरच उभा राहिला. त्यांपैकी एक म्हणजे पैशाने आणि खेळाने बलाढ्य असलेली अमेरिका. दुसरे म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग, आणि त्यातही आपला खान्देश. अमेरिकेत तर या खेळाला त्याचे स्वतःचे नावही मिळाले नाही. तेथे ‘फुटबॉल’ म्हणजे हातात चेंडू धरून धावण्याचा त्यांचा वेगळाच खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते ‘सॉकर’ म्हणतात. आमच्या पहूरला नाव शाबूत आहे, पण खेळ नाही. पहूर पेठेत जा की पहूर कसब्यात जा, संध्याकाळी पोरांच्या हातात बॅट आणि टेनिसचा चेंडूच दिसेल.

कोणी म्हणेल, ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनी असल्या चर्चा कशाला कराव्यात? आम्हांला तसे वाटत नाही. फुटबॉल हा कष्टकऱ्यांच्या पोरांना परवडणारा खेळ आहे. एका चेंडूवर बावीस पोरे खेळतात. पॅड नको, हेल्मेट नको, बॅट नको. जो खेळ गरिबाला परवडतो तोच गरिबाच्या वस्तीत पोहोचत नसेल, तर अडचण केवळ पैशाची नाही. मग ती कशाची आहे, हे शोधले पाहिजे. त्यासाठी आधी अमेरिकेत डोकावू आणि मग आपल्या अंगणात येऊ.

अमेरिकेला हा खेळ ठाऊक नव्हता का?

अमेरिकनांना फुटबॉल ठाऊकच नव्हता, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. १८६९ च्या नोव्हेंबर महिन्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये जो सामना झाला, तो आजच्या सॉकरला बराच जवळचा होता. पुढे १८७६ च्या सुमारास हार्वर्ड, येल अशा श्रीमंतांच्या कॉलेजांनी रग्बीच्या वळणाचे नियम उचलले, आणि त्यातूनच अमेरिकेचा स्वतःचा फुटबॉल जन्मला. त्याच १८७६ साली बेसबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली. म्हणजे उन्हाळ्यात बेसबॉल आणि थंडीत कॉलेजांचा फुटबॉल, अशी वर्षाची वाटणी आधीच होऊन गेली.

सॉकर उरला तो कामगारांकडे. इंग्लंड-स्कॉटलंडहून कापड गिरण्यांत आणि पोलाद कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी तो जपला. फॉल रिव्हर हे गिरण्यांचे गाव आणि बेथलहेम हे पोलादाचे गाव १९२० च्या दशकात या खेळासाठी नावाजलेले होते. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण बाकीच्या समाजाने त्याच्याकडे ‘परक्या मजुरांचा खेळ’ म्हणून पाहिले. खेळाला खालचे-वरचे ठरवण्याची ही सवय आपल्याला काही नवी नाही.

२९ जून १९५० रोजी ब्राझीलमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १–० असे हरवले. तो एकमेव गोल जो गेत्जेन्स या हैतीहून आलेल्या तरुणाचा होता. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले, त्याच विद्यापीठात हा गेत्जेन्स हिशेबनिशी शिकत होता आणि पोटासाठी एका हॉटेलात भांडी घासत होता. इंग्लंडला हरवणारा हा माणूस अमेरिकेत घराघरांत पोहोचला नाही. पुढे तो मायदेशी परतला आणि १९६४ साली तेथील हुकूमशाहीने त्याला उचलून नेले. तो पुन्हा दिसला नाही.

पुढे १९७५ साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने साक्षात पेलेला आणले. सत्तर हजारांवर गर्दी होऊ लागली. हाच कॉसमॉस संघ १९७७ साली कलकत्त्याला आला आणि मोहन बागानने त्याला २–२ असे बरोबरीत रोखले. पण पेले गेला, गर्दी ओसरली आणि १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच गुंडाळली गेली. वरून आणलेला मोठा माणूस माणसे जमवतो. तो गेल्यावर मैदान कोणी झाडायचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. ५२ सामन्यांना मिळून ३५ लाखांहून अधिक लोक आले. मग १९९६ साली दहा संघांची नवी लीग सुरू झाली. २०२३ साली मेस्सी मायामीच्या संघात आला आणि २०२५ पर्यंत लीगचे संघ तीस झाले. २०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपदही अमेरिकेला कॅनडा आणि मेक्सिको यांच्या जोडीने मिळाले. म्हणजे खेळ वाढला आहे, हे मान्य करावे लागेल. तरी त्यांचा स्वतःचा फुटबॉल, बेसबॉल आणि बास्केटबॉल यांच्या पंक्तीत तो अजून मागच्या पाटावर आहे. लहानपणी लक्षावधी मुले-मुली सॉकर खेळतात आणि मोठेपणी टीव्हीसमोर बसून दुसराच खेळ पाहतात.

आणि आपल्याला तरी कुठे ठाऊक नव्हता?

आपलाही इतिहास असाच आहे. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला २–१ असे हरवून शील्ड जिंकली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम एका गोलाने हरले. १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक आपल्याकडे आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा खेळाडू होता.

मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा होत असे आणि कूपरेज मैदान गर्दीने फुलत असे. मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्यांचे आणि रेल्वेचे संघ होते. चांगल्या खेळणाऱ्या पोराला तेथे नोकरी मिळे. मग गिरण्यांचा संप आला, गिरण्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे संघही गेले. रोव्हर्स चषक २००१ च्या सुमारास थांबला. महिंद्र युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तो संघ बंद करण्यात आला. म्हणजे मुंबईचा फुटबॉल बराचसा मालकाच्या खर्चावर उभा होता. मालकाने हात आखडता घेतला आणि खेळ उघड्यावर पडला.

नेहमीची कारणे आणि त्यांची तपासणी

फुटबॉल का आवडत नाही, असे विचारले की अमेरिकन माणूस आणि आमच्या पहूरच्या बस स्टँडवरचा माणूस जवळपास एकच उत्तर देतात. ‘गोल फार कमी होतात. नव्वद मिनिटे धावायचे आणि शेवटी शून्य-शून्य.’

हे कारण ऐकायला बरे वाटते, पण टिकत नाही. आपण पाच-पाच दिवसांचे कसोटी सामने अनिर्णित राहताना पाहिले आहेत आणि त्यावर पानाच्या टपरीवर तासन् तास वादही घातले आहेत. उलट कबड्डीचे पाहा. चाळीस मिनिटांत तीस-तीस, चाळीस-चाळीस गुण होतात, क्षणोक्षणी काहीतरी घडते. तरी वर्षानुवर्षे कबड्डीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली, ठरावीक वेळी रोज दिसू लागली आणि तीच कबड्डी एकाएकी सगळ्यांना आवडू लागली. खेळ तोच होता, गुणही तसेच पडत होते. बदल झाला तो दाखवण्यात आणि दाखवण्याच्या वेळेत.

वेळेचे महत्त्व कष्टकऱ्याला सांगावे लागत नाही. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात. सकाळी सातला जिनिंगमध्ये किंवा केळी भरायला जाणारा माणूस ते कसे पाहणार? क्रिकेटचा सामना संध्याकाळी जेवणाच्या वेळी असतो. शिवाय २००७ च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, त्यामुळे केबल नसलेल्या घरातही ते दिसतात. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला होता. त्या रात्री आमच्याकडेही मेस्सीच्या नावाने पोरे ओरडत होती. वेळ सोयीची असली की खेळ समजायला वेळ लागत नाही.

जाहिरातीचाही हिशेब आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर साबण आणि मोटारसायकल विकता येते. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल यांतही असेच थांबे आहेत. आपला फुटबॉल पंचेचाळीस मिनिटे थांबत नाही. १९६७ साली अमेरिकेत जाहिरातींना जागा मिळावी म्हणून आपण मुद्दाम शिट्टी वाजवून खेळ थांबवतो, अशी कबुली एका पंचाने दिली होती. जो खेळ धंद्याला थांबा देत नाही, त्याला धंदाही जवळ करत नाही.

भाषेत जागा नाही

याहून एक खोल कारण आहे आणि ते आपल्या तोंडात आहे. कुस्ती आपल्या भाषेत मुरली आहे. आपण ‘डाव टाकला’, ‘चितपट केले’ असे म्हणतो. खो-खोने ‘खो घालणे’ दिले. क्रिकेट तर रोजच्या बोलण्यात आहे. साहेबांची बदली झाली की ‘विकेट पडली’, मुलाखतीत उत्तर आले नाही की ‘क्लीन बोल्ड’. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे धावते वर्णन मराठीतून केले आणि ज्याने कधी स्टेडियम पाहिले नव्हते त्यालाही फलंदाज, गोलंदाज, झेल, धाव हे शब्द घरचे वाटू लागले. अमेरिकेत बेसबॉलचे असेच आहे. १९९४ साली कॅलिफोर्निया राज्याने तिसऱ्या गुन्ह्याला कडक शिक्षा देणारा कायदा केला. त्याचे नाव बेसबॉलच्या तीन चुकांच्या नियमावरून पडले. ज्या वर्षी विश्वचषक त्यांच्या दारात आला, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे.

आणि फुटबॉलने मराठीला काय दिले? कचेरीत खेटे घालून थकलेला माणूस म्हणतो, ‘या टेबलावरून त्या टेबलावर नुसता आमचा फुटबॉल केला.’ आम्ही कारकुनी करतो, त्यामुळे हे वाक्य आमच्या कानांवर अनेकदा पडले आहे. लाथा खाणारी वस्तू एवढीच फुटबॉलची आमच्या बोलण्यात ओळख आहे. ज्या खेळाला बोलण्यात मानाची जागा नाही, त्याला ओट्यावरच्या गप्पांतही जागा मिळत नाही. बाप पोराशी ज्या खेळाबद्दल बोलतो, तोच खेळ पोराला आपला वाटतो.

काळी जमीन, पऱ्हाट्या आणि मे महिना

आमच्या भागाची म्हणून काही खास कारणेही आहेत. मुंबई-गोव्याकडे फुटबॉल पावसातही खेळतात. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल चिखलात राहते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो आणि त्याच जमिनीला भेगा पडतात. कापूस निघाल्यावर शेत मोकळे होते, पण पऱ्हाट्यांचे खुंट राहतात, त्यात अनवाणी पळता येत नाही. क्रिकेटला बावीस यार्डांची पट्टी सारखी केली की भागते, बाकीचे क्षेत्ररक्षक ढेकळांत उभे राहतात. कबड्डीला तेरा मीटर बाय दहा मीटर जागा पुरते, ती समाजमंदिरापुढेही मिळते. पूर्ण फुटबॉलला मात्र किमान नव्वद मीटर लांब मैदान लागते आणि ते सगळेच सारखे असावे लागते.

मैदान म्हटले की दुसरा प्रश्न येतो. मैदान कोणाचे? शाळेचे असेल तर सुटीत फाटकाला कुलूप असते. गावठाणातली मोकळी जागा लग्नाच्या मांडवांनी आणि उकिरड्यांनी भरलेली असते. आणि गावाच्या जागेवर वस्तीच्या पोरांनी रोज खेळावे, हे अजूनही प्रत्येक गावात सुखासुखी घडते असे नाही. आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

येथे पलवणकर बाळूंची आठवण येते. चर्मकार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तीन-चार रुपये महिन्यावर खेळपट्टी लाटण्याचे काम करत. गोऱ्यांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकता टाकता ते हिंदुस्थानातले नामवंत गोलंदाज झाले. मोहन बागानच्या विजयाच्या त्याच १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर आणि मातीच्या वेगळ्या कपात. त्यांचे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. ते राजकारण आज बाजूला ठेवू. खेळापुरता बोध एवढाच, की बाळूंच्या हातात गुण होता आणि तो दिसला, कारण मजूर म्हणून का होईना, त्यांना रोज मैदान आणि चेंडू मिळत होता. ज्याला रोज मैदान मिळत नाही त्याचा गुण त्याच्या आईलाही कळत नाही.

मग कोल्हापुरात कसा रुजला?

महाराष्ट्रातच एक शहर असे आहे की जेथे फुटबॉल उपरा नाही. ते म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात.

या नावांत ‘तालीम’ हा शब्द किती वेळा आला ते पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात कुस्तीच्या तालमी जोरात होत्या. पेठेचा तरुण तालमीत जाई, पेठेचे वडीलधारे तालमीला वर्गणी देत. फुटबॉल आला तेव्हा या तालमींनी त्याला आपल्या घरात घेतले. नवीन संस्था, नवीन कार्यालय असे काही करावे लागले नाही. कुस्तीत जी पेठेची ईर्ष्या होती तीच फुटबॉलमध्ये उतरली. त्या ईर्ष्येपायी कधी कधी हुल्लडबाजी होते आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते, ही तिची वाईट बाजू. पण खेळ जिवंत आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

दुसरे उदाहरण नागपूरचे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि २००१ पासून त्यांच्यासाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांनी त्यांच्या कामावर काढलेला ‘झुंड’ २०२२ साली आला. आपल्यापैकी अनेकांनी तो सहकुटुंब पाहिला आहे. तो पाहून टाळ्या वाजवल्या, पण घरी येऊन चेंडू किती वस्त्यांनी आणला?

याच्या उलट उदाहरण सरकारी मोहिमेचे. सप्टेंबर २०१७ मध्ये विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा कार्यक्रम झाला. शाळाशाळांना चेंडू मिळाले. हेतू चांगला होता. पण आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत तो चेंडू पुढे कपाटात गेला आणि हवा गेलेल्या अवस्थेत तसाच राहिला, कारण रोज संध्याकाळी तो बाहेर काढणारा माणूस नेमला गेला नव्हता. हा पेलेचाच प्रकार लहान प्रमाणात झाला.

कोल्हापूर आणि नागपूर यांवरून आमचे मत असे झाले आहे की, एखादा खेळ चांगला आहे म्हणून रुजत नाही आणि स्वस्त आहे म्हणूनही रुजत नाही. ज्या खेळाभोवती वस्तीतली मोठी माणसे ठरलेल्या वेळी येऊन उभी राहतात, तो रुजतो.

लेकींचा प्रश्न

अमेरिकेकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. १९७२ साली तेथे असा कायदा झाला की, सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी म्हणून कोणाशी भेदभाव करता येणार नाही. त्यात खेळही आले. शाळांना मुलींसाठी संघ उभे करावे लागले आणि सॉकर तेथे कामाला आला, कारण त्या खेळावर पुरुषांनी आधी मक्ता बसवलेला नव्हता. परिणाम असा झाला की, अमेरिकेच्या महिलांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा विश्वचषक जिंकला. १९९९ चा अंतिम सामना पाहायला नव्वद हजारांवर लोक आले होते. जो खेळ अमेरिकेच्या पुरुषांना गाजवता आला नाही, तो तेथील मुलींनी गाजवला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला. मुलींच्या पायांत बळ आहे. संध्याकाळी सहा वाजता तिला ‘पाणी भर, भाकरी टाक’ म्हणून हाक येते, तेथे ते बळ अडते.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींशी याबद्दल बोललो, तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला. ‘भाऊ, खेळता खेळता पोऱ्याचा पाय मोडला तर कामावर कोण जाईल? दवाखाना कोण करील?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टेनिसच्या चेंडूच्या क्रिकेटमध्ये दुखापत कमी होते, फुटबॉलमध्ये गुडघा आणि घोटा दुखावतो. रोजंदारीच्या घरात मोडलेला पाय म्हणजे बुडालेला हंगाम. अमेरिकेतल्या आईला ही भीती कदाचित दुसऱ्या नंबरची असेल, आपल्या आईला ती पहिल्या नंबरची आहे. खेळाचा प्रचार करणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

काय करता येईल?

क्रिकेट सोडा, असे आम्ही म्हणत नाही. पोरांना ते आवडते, खेळू द्या. पण क्रिकेटमध्ये अकरांत ज्याची वर्णी लागत नाही, ज्याला सबंध दिवस सीमारेषेवर उभे करतात, अशा पोराला आणि घरात बसलेल्या पोरीला दुसरा खेळ मिळाला पाहिजे. त्यासाठी मोठे मैदान नको. पाच-पाच जणांचा फुटबॉल चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद जागेत होतो. एवढी जागा खुंट उपटून, मुरूम टाकून तरुणांना दोन रविवारांत तयार करता येईल.

वेळ ठरलेली हवी. आठवड्यातून तीन दिवस, एक तास. त्यातला एक दिवस फक्त मुलींचा, आणि त्या दिवशी महिला मंडळाच्या दोन भगिनींनी तेथे बसावे. मुलगी कोठे गेली, हा घरचा प्रश्नच मग उरत नाही. मंडळाच्या वर्गणीतून एक चेंडू, हवा भरण्याचा पंप आणि औषधाची पेटी घ्यावी. दुखापतीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि तिचा हिशेब लेखी ठेवावा. मावशींच्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही, त्या पेटीने देता येते.

शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना भेटून तालुक्याच्या स्पर्धेत संघाचे नाव घालावे. जामनेर तालुका, मग जळगाव जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य, अशी ही पायरी आहे. शालेय स्पर्धांत नियमाप्रमाणे पुढे गेलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत २००५ पासून खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, मात्र त्यासाठी ठरावीक दर्जाचे यश आणि खरी प्रमाणपत्रे लागतात. ज्या खेळात गावोगाव संघ आहेत तेथे रांग लांब असते. ज्या खेळात संघच थोडे आहेत, तेथे नेटाने सराव करणाऱ्या खेड्यातल्या पोरालाही पुढे सरकायला वाव असतो. एरवी जी फुटबॉलची उपेक्षा, तीच अशा वेळी आपल्या मुलांची संधी ठरू शकते.

जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी टेनिस चेंडूचे सामने होतात, चषक दिले जातात. येत्या वर्षी त्याच कार्यक्रमात पाच जणांच्या फुटबॉलचे चार सामने घालायला काय हरकत आहे? ऊन लक्षात घेऊन ते सकाळी सहाला सुरू करावेत. दोन सामने मुलांचे आणि दोन मुलींचे असावेत. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि सामन्याच्या दिवशी आई-वडिलांनी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास कडेला येऊन उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.